आग्ऱ्याच्या वाटेवरचा एक थांबा : चंबळ

हिवाळ्याच्या सुट्टीत आपल्यापैकी अनेक मंडळी मोटारीने आग्रा-दिल्लीकडे जातात. मुरैन्याला गजक घ्यायला गाडी हमखास थांबते. पुढे चंबळेच्या पुलावरून मात्र ती भरकन निघून जाते. जगात सर्वाधिक सुसरी याच नदीत आहेत, हे पुष्कळ मुलांना ठाऊक नसते.

आधी नावांचा घोटाळा सोडवू. आपली मुले घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलतात, म्हणून तो होतो. मराठीत सुसर म्हणजे हिंदीतला घड़ियाल. हिंदीतला सूंस मात्र डॉल्फिन, आपला राष्ट्रीय जलचर. मगर दोन्हीकडे मगरच. चंबळेत हे तिन्ही प्राणी आहेत. सुसरीचा जबडा लांब व निमुळता असतो. ती मुख्यतः मासे खाते. मोठ्या नराच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा उंचवटा येतो. घड़ियाल हे नाव त्या घड्यावरूनच पडले.

पहिला थांबा मुरैन्यापुढील देवरी केंद्राचा. सुसर मार्च-एप्रिलमध्ये वाळूत खड्डा करून अंडी घालते. मे-जूनमध्ये पिल्ले निघतात आणि लगेच पावसाळ्याचा पूर येतो. त्यात फारच थोडी जगतात. म्हणून काही अंडी देवरीत आणून उबवतात आणि पिल्ले सुमारे 1.2 मीटर लांब झाली की नदीत सोडतात. त्याला साधारण तीन वर्षे लागतात.

दुसरा थांबा राजघाटचा. गाडी पुलावर उभी करू नये, घाटाकडे उतरावे. थंडीत ऊन वर आले की सुसरी वाळूवर येऊन पडतात. दुर्बीण जवळ असू द्यावी, आवाज करू नये. बोट सुरू आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. पाणचिरा दिसला तर त्याची चोच जरूर पाहा : खालची वरचीपेक्षा लांब. उडता उडता तो तिने पाणी चिरत मासे पकडतो. त्याची अंडीही वाळूवरच असतात.

1970 च्या दशकात सुसरी जवळजवळ संपल्या होत्या. 1978 पासून येथे अभयारण्य उभे राहिले. ते आज मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या तीन राज्यांत पसरले आहे. आता चंबळेत दोन हजारांहून अधिक सुसरी आहेत. पण धोका टळलेला नाही. वाळू उपसायला बंदी असूनही चोरून उपसा होतो. वाळू गेली की घरटी गेली. मग देवरीत कितीही पिल्ले वाढवली तरी ती पुढे अंडी घालणार कुठे?

ही वाळू शेवटी कोणाच्या तरी घराच्या भिंतीत जाते. म्हणून पालकांना आमची विनंती आहे : घराचे काम काढाल तेव्हा वाळू कुठून आली, हे ठेकेदाराला अवश्य विचारा. आणि मुलांनो, पुढच्या वेळी गजक घेतल्यावर बाबांना सांगा, "अजून एक थांबा बाकी आहे!"