विश्लेषण : तज्ज्ञापेक्षा शेजारच्या शेतकऱ्याचा सल्ला का पटतो?

गरिबी हटवण्यासाठी काम करणाऱ्या संस्था गावोगावी शेतीचा सल्ला पोहोचवतात. तरी तो शेतात उतरतोच असे नाही. दोन एकरांच्या शेतकऱ्याचा प्रयोग फसला, तर अख्खा हंगाम हातचा जातो. म्हणूनच सल्ला कोण देतो आहे, हे तो आधी पाहतो. ‘डिजिटल ग्रीन’चा प्रयोग याच मुद्द्यावर उभा राहिला.

काय होता प्रयोग?

‘मायक्रोसॉफ्ट रिसर्च’च्या बेंगळूरु प्रयोगशाळेत २००६ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. कर्नाटकातील गावांत शेती क्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने स्थानिक शेतकऱ्यांचेच छोटे व्हिडीओ तयार झाले. भाषा त्यांचीच आणि शेतही त्यांचेच. जनावरांच्या खाद्यासाठी अझोला कसा वाढवायचा, असे रोजच्या उपयोगाचे विषय त्यात होते.

फक्त व्हिडीओ दाखवून भागले का?

नाही. गावातलीच एक व्यक्ती शेतकऱ्यांना टीव्हीसमोर जमवायची. व्हिडीओ मध्येच थांबवून प्रश्न विचारायची, शंकांवर चर्चा घडवायची. कोणी काय करून पाहिले, याची नोंदही ठेवली जायची. पडद्यावरच्या शेतकऱ्याचे नाव काय, गाव कोणते, हा प्रेक्षकांचा नेहमीचा प्रश्न. माणूस आपल्यासारखाच आहे, याची खात्री त्यांना आधी हवी असते.

परिणाम काय झाला?

ही चाचणी १३ महिने चालली. त्यात १६ गावे आणि १,४७० कुटुंबे होती. तुलनेसाठी आठ गावांत व्हिडीओ दाखवले नाहीत. प्रत्यक्ष भेटीतून सल्ला देण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा काही पद्धती स्वीकारण्याचे प्रमाण सहा ते सात पटींनी वाढले. प्रत्येक स्वीकारामागचा खर्च पाहता, ही पद्धत किमान १० पट परिणामकारक ठरली.

मर्यादा कोणत्या?

नवी पद्धत स्वीकारली म्हणजे उत्पन्न वाढलेच, असे नाही. बाजारभाव, पाणी आणि कर्ज हे प्रश्न व्हिडीओने सुटत नाहीत. आता सल्ला थेट मोबाइलवर येतो. पण ज्या घरात फोन एकच आणि तोही पुरुषाच्या खिशात, तिथे शेतात राबणाऱ्या बाईपर्यंत तो पोहोचेलच असे नाही. शिवाय शंका आली, तर विचारायचे कोणाला? कर्नाटकात त्यासाठी गावातलाच माणूस समोर होता. मोबाइलवर संदेश पाठवणाऱ्या संस्थांनाही ही सोय करावी लागेल.