चौघांची तीन दिवसांची मुंबई : खिसा सांभाळून सहल कशी करावी?



सुट्टी लागली की घरोघरी एकच प्रश्न असतो, "आई, आपण कुठे जायचं?" आणि मुलांनी "मुंबई" असं उत्तर दिलं की आपण लगेच म्हणतो, "नको गं बाई, फार महाग पडतं." मीही तेच म्हणायचे. पण दोनदा मुंबई करून आल्यावर माझं मत बदललं. मुंबई महाग नाही, ऐनवेळी घेतलेला निर्णय महाग असतो. आजच्या लेखात हेच हिशोबासकट सांगणार आहे.

आमची पहिली सहल कशी फसली?

आम्ही सोलापूर जिल्ह्यातले. मी, माझे मिस्टर, मुलगी आणि मुलगा असे चौघे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. तिला फक्त पेंग्विन बघायचे होते. बारा हजार रुपये पर्समध्ये टाकले आणि "तिथं गेल्यावर बघू" म्हणत निघालो.

स्टेशनवर उतरून सामानासह खोली शोधली. थकलो होतो, मिळेल त्या भावाला घेतली. दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून राणीच्या बागेत पोहोचलो, तर दार बंद! तो बुधवार होता आणि बुधवारी बाग बंद असते. चूक पूर्णपणे आमची होती, कारण कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. लेक रडायला लागली. तिची समजूत काढायला पुन्हा टॅक्सी, मग मॉल, मग आइस्क्रीम, मग खेळणं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाकीट रिकामं झालं होतं आणि मुलांना जेवण द्यायचं होतं. शेवटी मुलीनं बरोबर आणलेले तिच्या गल्ल्यातले 340 रुपये आम्ही मागून घेतले. तिनं काही न बोलता दिले. ती गोष्ट माझ्या मनाला फार लागली. वर्गात मी नफा-तोटा शिकवते आणि माझ्याच घरचं गणित असं चुकावं?

दोन वर्षांनी, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही पुन्हा गेलो. यावेळी एक शंभरपानी वही केली आणि ती मुलीच्या हातात दिली.

1) आधी वार ठरवा, मग ठिकाण

मुंबईत प्रत्येक ठिकाणाचा सुट्टीचा वार वेगळा आहे. राणीची बाग म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान बुधवारी बंद असते. घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतात. वरळीचे नेहरू तारांगणही सोमवारी बंद. शिवाय रविवारी लोकलच्या मार्गांवर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, त्यामुळे गाड्या कमी आणि गर्दी जास्त असते.

हे सगळं वहीत लिहिल्यावर मुलीनंच सांगितलं, "आई, गुरुवार, शुक्रवार, शनिवार हेच दिवस बरोबर आहेत." आम्ही बुधवारी रात्री निघालो.

2) प्रवास रात्रीचा करा

सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री निघते आणि सकाळी मुंबईत पोहोचते. जाताना एक आणि येताना एक अशा दोन रात्री गाडीत गेल्या. म्हणजे तीन दिवस फिरूनही खोलीचं भाडं दोनच रात्रींचं पडलं.

रेल्वेचे काही नियम माहीत हवेत. पाच वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. 5 ते 12 वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं लागतं, बर्थ न घेतल्यास अर्धं. आम्ही मुलीला बर्थ घेतला आणि सहा वर्षांचा धाकटा माझ्याजवळ झोपला. चारऐवजी साडेतीन तिकिटांचे पैसे गेले. आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं, ती तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा. तत्काळचे जादा पैसे वाचतात.

एसटीनं जाणार असाल तर महिलांना 17 मार्च 2023 पासून निम्मं भाडं आहे आणि 5 ते 12 वर्षांच्या मुलांनाही अर्धं तिकीट आहे. आई, वडील आणि दोन मुलं मिळून अडीच तिकिटं होतात. हे गणित मुलांना जरूर करायला द्या.

3) खोली स्टेशनजवळ, आणि आधीच ठरवलेली

गेटवेजवळ राहिलं की सगळं जवळ, असं वाटतं. पण तिथं भाडं जास्त. आम्ही दादरला राहिलो. दादरला मध्य आणि पश्चिम या दोन्ही मार्गांच्या लोकल मिळतात, त्यामुळे कुठेही जायला सोपं. सकाळी दादरलाच उतरलो, त्यामुळे टॅक्सीसुद्धा लागली नाही.

नातेवाइकांकडे राहायचं असेल तर तेही छान, पण दोन गोष्टी बघा. एक, त्यांचं घर कल्याण-डोंबिवलीच्या पुढे असेल तर रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये जातात आणि मुलं थकतात. दुसरी, मुंबईचं घर लहान असतं. "आम्ही दोनच रात्री राहू" असं आधी स्पष्ट सांगावं, जाताना ज्वारी, शेंगा, घरचं तूप न्यावं. पाहुण्यांनीही आपला भार ओळखावा.

4) एका दिवशी एकच भाग

पहिल्या सहलीत आम्ही सकाळी दक्षिणेला, दुपारी उत्तरेला असं धावलो. पैसे तिथंच गेले. यावेळी वहीत मुंबईचा नकाशा चिकटवला आणि भाग पाडले.

गुरुवार : दादरहून लोकलनं भायखळा. तिथून चालत राणीची बाग. आम्ही गेलो तेव्हा मोठ्यांना 50 आणि लहानांना 25 रुपये तिकीट होतं, म्हणजे चौघांचे 150. पण आई-वडील आणि दोन मुलांचं कौटुंबिक तिकीट 100 रुपयांचं होतं. खिडकीवर "फॅमिली तिकीट आहे का?" हे मुलीनंच विचारलं आणि 50 रुपये वाचवले. 2017 पासून इथं हम्बोल्ट पेंग्विन बघायला मिळतात. काचेपुढे ती बराच वेळ उभी होती, मी अजिबात घाई केली नाही. संध्याकाळी शिवाजी पार्क आणि दादर चौपाटी, तिथं तिकीटच नाही.

शुक्रवार : दक्षिण मुंबई, तीही चालत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत 2004 पासून जागतिक वारसा आहे. 16 एप्रिल 1853 रोजी भारतातली पहिली प्रवासी रेल्वे याच भागातल्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली. तिथून हुतात्मा चौक, राजाबाई टॉवर, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि शेवटी गेटवे ऑफ इंडिया. यात तिकीट फक्त संग्रहालयाचं. शिवाजी पार्क, हुतात्मा चौक, गेटवे ही पाठ्यपुस्तकातली नावं मुलांनी डोळ्यांनी पाहिली, तीही फुकट. संध्याकाळी मरीन ड्राइव्ह.

शनिवार : वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र. दादरहून भुयारी मेट्रोनं गेलो, या मार्गावर विज्ञान केंद्राच्या नावाचंच स्टेशन आहे. मुलांसाठी तो मेट्रोचा पहिलाच प्रवास होता, त्यामुळे प्रवास हाच खेळ झाला. विज्ञान केंद्रात प्रयोग स्वतः हातानं करून बघता येतात. पूर्ण दिवस ठेवा.

घारापुरीला जावंसं वाटत होतं. तिथं 15 वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट नाही, पण बोटीचे पैसे वेगळे आणि अख्खा दिवस लागतो. म्हणून ते पुढच्या वेळेसाठी ठेवलं. "सगळं एकाच सहलीत" हा हट्ट सोडला की निम्मी बचत तिथंच होते.

5) लोकल, बस की टॅक्सी?

लोकल सर्वात स्वस्त. सेकंड क्लासचं तिकीट 5 रुपयांपासून सुरू होतं. दिवसभरात बऱ्याच फेऱ्या असतील तर 1, 3 किंवा 5 दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं, त्याची चौकशी करा. मात्र वेळ सांभाळा. सकाळी साधारण 8 ते 11 दक्षिणेकडे आणि संध्याकाळी 5 ते 9 परतीच्या दिशेला तुफान गर्दी असते. त्या वेळी मुलांना घेऊन चढणं धोक्याचं आहे. मग घाबरून आपण टॅक्सी करतो आणि दिवसभराची बचत एका फेरीत जाते. आम्ही शुक्रवारी रात्री नऊपर्यंत मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलो, मग चर्चगेटहून निवांत आलो.

घाईत चुकून फर्स्ट क्लासच्या डब्यात चढू नका. डब्याच्या दाराजवळ लिहिलेलं असतं, ते वाचूनच चढा. दंड भरावा लागला तर अडीचशेच्या पुढेच जातो. चुकामूक झाली तर कोणत्या स्टेशनवर थांबायचं हे चढण्याआधी मुलांना सांगा.

बेस्टच्या साध्या बसचं कमीत कमी भाडं मे 2025 पासून 10 रुपये आहे. पण बस नेहमीच स्वस्त असते असं नाही! आजी-आजोबा धरून चार मोठी माणसं असतील तर बसचे 40 रुपये होतात. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं 31 रुपये आहे. म्हणजे जवळच्या अंतराला टॅक्सीच परवडते, आजींचे गुडघेही वाचतात. दूरच्या अंतराला मात्र लोकलच. रिक्षा दक्षिण मुंबईत चालत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

6) खाणं-पिणं

सोलापूरकरांना हे सांगायची गरज नाही, पण कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर असेल तर पहिला दिवस निघतो. पुढचे दिवस सकाळी पोटभर नाश्ता, दुपारी साध्या हॉटेलात थाळी, संध्याकाळी वडापाव किंवा इडली असा क्रम ठेवला. मुलं भुकेली झाल्यावर हॉटेल शोधायला निघालात तर समोर दिसेल त्या हॉटेलात जाल. म्हणून भूक लागायच्या आधी जेवा.

पाण्याचा खर्च आपण मोजत नाही. रोज 20 रुपयांच्या पाच बाटल्या म्हणजे 100 रुपये, तीन दिवसांचे 300! आम्ही घरून चार बाटल्या नेल्या आणि खोलीवरून, हॉटेलातून भरून घेतल्या.

7) मुलांच्या हातात पैसे द्या

दोघांनाही 250 रुपये दिले आणि सांगितलं, "खेळणी, खाऊ, जे हवं ते यातूनच. संपले की संपले." गेटवेजवळ चमकणारं खेळणं बघून धाकटा थांबला. किंमत 200 ऐकून त्यानं स्वतःच विचार केला आणि पुढे चालू लागला. आधी आमचे पैसे होते तेव्हा त्यानं रस्त्यावर लोळण घेतली होती! मुलीनं एक भिंग घेतलं आणि उरलेले पैसे परत आणले.

आमचं अंदाजपत्रक

रेल्वे प्रवास : 2,100
खोली, दोन रात्री : 4,000
जेवण-नाश्ता : 2,700
मुंबईतला प्रवास : 700
प्रवेश तिकिटं : 1,200
मुलांचे पैसे : 500
अडीनडीसाठी : 1,000
एकूण : 12,200 रुपये

पहिल्या वेळीही जवळपास एवढेच पैसे होते. फरक इतकाच की तेव्हा ते एकाच पर्समध्ये होते, यावेळी सात पाकिटांत. रोज रात्री मुलगी वहीत खर्च लिहायची आणि "बाबा, आज जेवणाचे 40 जास्त झाले" असं बजावायची. घरी आल्यावर 730 रुपये शिल्लक होते. त्यातले 340 आम्ही तिच्या गल्ल्यात टाकले. ती म्हणाली, "हे कशाचे?" मी म्हटलं, "तुझे आमच्याकडे उसने होते." तिला आठवत होतं. ती नुसती हसली.

शिक्षकांसाठी थोडेसे

आपल्या वर्गातली सगळी मुलं मुंबईला जाऊ शकत नाहीत. काहींचे आई-वडील सुट्टीतही उसाच्या फडात असतात. म्हणून "सुट्टीत कुठे गेला होता?" असा निबंध देण्याऐवजी मी आता "कागदावरची सहल" घेते. चार-चार मुलांचा गट, प्रत्येक गटाला 12,000 रुपये (कागदाचे), नकाशा, भाड्यांचा तक्ता आणि बंद असण्याचे वार. गटानं तीन दिवसांची सहल आखायची. बेरीज, गुणाकार, अर्ध-पाव, वेळ, अंतर, नकाशावाचन सगळं त्यात येतं. कधीही गाव न सोडलेली मुलं इथं सर्वांत काटेकोर हिशोब करतात, कारण पैसा जपून वापरणं त्यांना घरीच शिकायला मिळालेलं असतं.

पालकहो, निघण्याआधी भाडी, तिकिटं आणि सुट्टीचे वार एकदा नव्यानं तपासून घ्या, कारण ते बदलत असतात. आणि ती तपासणी मुलांकडूनच करून घ्या. त्यांची सहल त्या दिवसापासूनच सुरू होते.

तुमच्या सुट्टीला मनापासून शुभेच्छा!