बिछाना बिघडवणारी घोडी

कापडाच्या व्यापाऱ्याने तबेल्याच्या बिछान्यावर काय लिहावे, असे काही वाचक बंधू विचारतील. विचारणे रास्त आहे. पण वरातीच्या घोडीवर जी जरीची झूल पडते ती आमच्याच धंद्यातून जाते, आणि झूल खराब झाली की पहिली तक्रारही आमच्याच दुकानात येते. लोणी काळभोरला पत्र्याच्या शेडमध्ये तीन जनावरे बाळगणारे आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत. लग्नसराईच्या ऐन तोंडावर ते झूल बगलेत मारून आले. आतल्या अस्तरावर पिवळे डाग, आणि वास असा की आमचा नोकर गल्ल्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

"शेठ, अस्तराचा रंग उतरला," ते म्हणाले.

"रंग उतरला नाही मियाँ, घोडीचा मूत चढला आहे," आम्ही म्हणालो.

त्यांना राग आला. पण गोष्ट खरी होती. घोडी पांढरी. रात्री ओल्यात बसायची, पहाटे पाणी मारून धुतली तरी मांडीवर आणि कुशीवर पिवळा पट्टा राहायचा, अंग पुरते वाळायच्या आत झूल चढायची. त्या हंगामात एका वरातीवाल्याने "पिवळी घोडी चालणार नाही" म्हणून विसार परत मागितला होता. तीन जनावरांवर ज्याचे घर चालते त्याला एक सुपारी जाणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याला ठाऊक. आम्ही झूल ठेवून घेतली आणि पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर लोणीला गेलो.

लोणी काळभोर हे मुळा-मुठेच्या पाण्यावरचे, उसाचे गाव. अलीकडे तेल कंपन्यांचे डेपो, कॉलेज आणि गोदामे आली, तरी गोठे आणि तबेले अजून आहेत. आषाढी वारीत तुकाराम महाराजांच्या पालखीचा पुण्यानंतरचा मुक्काम येथेच असतो आणि पालखीबरोबर अश्वही असतो, त्यामुळे पावसात घोड्याला कोरडी जागा द्यायची कशी हा प्रश्न या गावाला नवा नाही. शिवाय पुणे हे घोड्याचे शहर. कॅम्पातला रेसकोर्स १८३० चा, आणि पावसाळ्यातल्या शर्यतींसाठी जुलैपासून तेथे जनावरे भरतात. टांगे गेले. मुंबईच्या व्हिक्टोरियांवर उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बंदीचा आदेश दिला. पण बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये वाट मोकळी केली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम ठेवली, तेव्हापासून उत्तर पुण्याच्या घाटांत बैलांपुढे धावणारी घोडी पुन्हा मोलाची झाली आहे. म्हणजे घोडा बाळगणारे आहेतच, आणि त्यांना भुसा, पेंढा, बारदान, नाल, झूल विकणारे आपले लोकही आहेत.

शेडमध्ये गेल्यावर कळले की बाकीच्या दोन जनावरांचे ठाण बरे होते. या एकीचेच नव्हते. "ही घोडी नाही शेठ, चक्की आहे," मालक म्हणाले. रात्रभर ठाणात गोल फिरते, लीद पायाखाली दळते, मुतात कालवते आणि मग त्याच चिखलात बसते. सकाळी दाताळ्याने लीद वेगळी निघतच नाही, सगळा बिछाना काढून फेकावा लागतो. बिछाना महाग पडतो म्हणून त्यांनी थर पातळ केला होता. घोटाळा तेथेच वाढला.

आता थोडा हिशेब पाहू. साडेचारशे ते पाचशे किलो वजनाचा घोडा दिवसाला सुमारे पंधरा ते वीस किलो लीद आणि आठ-दहा लिटर मूत टाकतो. आपली काठेवाडी-मारवाडी जात अंगाने हलकी, तिचे काही कमी धरा. तरी महिन्याला चार-पाचशे किलो लीद झालीच. बारा फूट बाय बारा फुटांच्या ठाणात सहा इंच जाडीचा बिछाना घालायचा तर ७२ घनफूट माल लागतो. तो पाहून मालकाचे डोळे फिरतात आणि तो दोन इंच घालतो. दोन इंचांचा थर घोडी पहिल्या तासात खुराने बाजूला सारते, खाली उघडी फरशी राहते आणि मूत सगळीकडे पसरते. सहा इंचांत तेच मूत एका जागी जिरते. वरचा थर कोरडा राहतो आणि सकाळी फक्त ओला गोळा उचलावा लागतो. पहिला भराव मोठा, पण रोजची भर थोडी. पातळ बिछान्यात दोन्ही खर्च होतात.

घोडा उभ्यानेही डुलकी घेतो म्हणून त्याला बिछाना कशाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. उभ्याने येते ती हलकी झोप. गाढ झोपेसाठी त्याला दिवसाकाठी अर्धा-एक तास तरी आडवे व्हावे लागते. जागा ओली किंवा कडक असली की तो आडवाच होत नाही, आणि असे बरेच दिवस गेले की उभ्याउभ्या गुडघे मोडून पडतो. वरातीत बँडपुढे घोडीचा गुडघा मोडला तर नवरदेवाचे काय होईल ते सांगायला नको. आणखी एक खोड सगळ्या घोड्यांत असते. कडक फरशीवर मुतणे त्यांना आवडत नाही, पायांवर शिंतोडे उडतात म्हणून. ते धरून ठेवतात आणि ताजा बिछाना पसरला की लगेच मोकळे होतात. मालक म्हणतो, मुद्दाम घाण करते. मुद्दाम काही नाही, तिला मऊ जागा मिळाली एवढेच.

वासाचेही असेच. मुतातल्या युरियावर जंतू काम करतात आणि अमोनिया तयार होतो. तो जमिनीलगत सर्वांत दाट असतो. आपण उभे असतो, आपल्या नाकाला तो थोडा लागतो. घोडीचे नाक मात्र बसल्यावर नेमके तेथेच असते, तिला खोकला लागतो तो यामुळे. वास घेऊन पाहायचा असेल तर उकिडवे बसून घ्यावा. आमच्या या मित्रांनी वास मारायला फरशीवर चुना टाकला होता. पुष्कळ जण टाकतात. ओल्या मुतावर चुना पडला की अमोनिया उलट जास्त उडतो, आणि चुना खुराला व कातडीला भाजतो तो वेगळाच.

बिछाना कशाचा घालावा?

भाताचा पेंढा हा आपल्याकडचा जुना माल. मावळ, मुळशी, भोरकडून येतो. मऊ असतो, ऊब देतो आणि वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरतो. त्याचे खत लवकर कुजते, म्हणून शेतकरी आनंदाने नेतो. दोष दोन. एक, घोडी तो खाते, आणि रिकाम्या पोटी जास्त खाल्ला तर पोटात गोळा होऊन कळ येते. म्हणून आधी कडबा किंवा गवत द्यावे, मगच नवा पेंढा पसरावा आणि त्यात थोडा जुना मिसळावा. दोन, पावसाळ्यात त्याला बुरशी येते. झटकल्यावर धूर उडावा तशी पूड उडणारा पेंढा फुकट मिळाला तरी घेऊ नये. कापणीनंतर माल कोरडा असताना, दिवाळीच्या पुढेमागे भरावा, लाकडी फळ्यांवर रचावा आणि वरून ताडपत्री घालावी. जुलैत भाव विचारत फिरणाऱ्याला ओला आणि महाग असा दोन्ही माल मिळतो.

लाकडाच्या भुशाचे दोन प्रकार आहेत आणि येथेच गिऱ्हाईक फसते. रंध्याखालून निघणारा जाडा, कुरळा भुसा चांगला. त्यातून लीद दाताळ्याने गाळून निघते. करवतीखालचा बारीक भुसा नाकात जातो आणि पाणी पडले की चिखल होतो. प्लायवूड आणि चिकटवलेल्या फळ्यांचा भुसा तर घेऊच नये. त्यात सरस असतो आणि कधी खिळाही निघतो. आमचे जे बंधू लाकडाच्या वखारीत किंवा सुतारकामात आहेत त्यांना सांगणे आहे की साध्या लाकडाचा रंध्याचा भुसा वेगळ्या पोत्यात भरा, बारदानावर खूण करा. तबेलेवाला त्याला दोन पैसे जास्त देतो. सगळे एकत्र झाडून भरलेत तर चुलीच्या भावाने जाईल.

भाताचे तूस स्वस्त, पण फार हलके. ते पायाखालून सरकते आणि पाणीही फारसे पीत नाही. उसाच्या चिपाडाचा विचार लोणीत कोणाच्याही मनात येईल. शेजारी थेऊरला यशवंत सहकारी साखर कारखाना होता, तो अनेक वर्षे बंद राहिला. जे कारखाने चालतात ते चिपाड बॉयलरमध्ये स्वतःच जाळतात. शिवाय गाळपातून निघताना त्यात निम्मे पाणी असते आणि थोडी साखर राहते. पुरते वाळवल्याशिवाय घातले तर आंबते आणि मुंग्या लागतात. साठून बुरशी धरलेल्या चिपाडाची धूळ माणसाच्याही फुफ्फुसाला बाधते.

आता आमची चूक. त्या शुक्रवारी आम्हीच त्यांना मोठ्या ऐटीत सांगितले की भुसा-पेंढा सोडा, आम्ही होजिअरीची कात्रण पाठवतो. सुती बनियनचे तुकडे पाणी शोषतात, हे कापडवाल्याला कोणी शिकवायला नको. आठ गोण्या पाठवल्या. पण कात्रणात अर्धा माल पॉलिएस्टर मिश्र निघाला, तो पाणी धरेना. लांब पट्ट्या घोडीच्या पायांत गुंडाळल्या. तिसऱ्या दिवशी एक पट्टी तिच्या तोंडात सापडली. पोटात गेली असती तर आतड्यात अडकून जनावर गेले असते. सगळे काढून टाकले. खत नेणाऱ्या रोपवाटिकावाल्यानेही चिंध्यांचा ढीग पाहून हात जोडले. गोण्यांचे पैसे आम्ही मागितले नाहीत आणि त्यांनीही विषय काढला नाही.

मग बसून नीट विचार केला. घोडी फिरते का? कारण वरात नसेल त्या दिवशी ती चोवीस तास बांधलेली. कडबा संध्याकाळी सहाला एकदाच, तो नऊपर्यंत संपतो, मग रात्रभर काम नाही. तिला दुपारी दोन तास मागच्या आवारात मोकळे सोडायला सुरुवात केली. कडबा दोन वेळा विभागला, दुसरा वाटा रात्री दहाला. लसूण घास भरपूर पडत होता, तो निम्म्यावर आणला. काम न करणाऱ्या जनावराला नको इतके पौष्टिक दिले की ते पाणी जास्त पिते आणि मूत वाढते, वासही वाढतो. रात्री दहाला कडबा टाकायला जाणारा पोरगा पाटी आणि दाताळे घेऊन जाऊ लागला. पडलेली लीद दळली जाण्याआधीच उचलली गेली. आमच्या मते अर्धा फरक या एका फेरीने पडला.

फरशीला दर पाच फुटांस एक इंच असा उतार मोरीकडे काढून घेतला. खाली जुना पेंढा दाबून, वर जाडा भुसा. भिंतीलगत पेंढ्याची फूटभर उंच मेर, म्हणजे लोळताना घोडी भिंतीला अडकत नाही. आणखी एक बारीक गोष्ट. घोडा मुततो तो पोटाखाली, म्हणजे बहुधा ठाणाच्या मध्यावर. घोडी मुतते मागे, म्हणजे भिंतीच्या बाजूला. मालकाने आपल्या जनावराची जागा पाहून तेथेच थर जाड करावा, सगळीकडे सारखा ओतू नये.

पेंढा आणि भुसा जेथे आहे तेथे आगीचे भय आहे. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात दाणा-वैरण पावसाळाभर पुरवण्याची ताकीद आहे, आणि उंदीर दिव्याची पेटती वात ओढून नेईल, गवत पेटेल, घोडी मरतील हेही बजावले आहे. साडेतीनशे वर्षांनी वातीच्या जागी उघडी वायर आणि बिडी आली एवढाच फरक. सभासद बखरीत पंचवीस बारगिरांमागे एक नालबंद आणि एक पखालजी असल्याची नोंद आहे. म्हणजे पागेत कारागिराची जागा पहिल्यापासून ठरलेली होती.

नालबंद बंधूंना येथेच एक सांगून ठेवतो. ओल्या बिछान्यात उभ्या जनावराचे खूर तळाशी कुजते, काळा वास मारणारा चिकट द्रव येतो, त्यात खिळा धरत नाही. नाल पडली की ठपका मात्र नालबंदावर. तेव्हा खूर उचलल्यावर आधी वास घ्या आणि मालकाला तेथेच दाखवा. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे बीज असते. हातापायाला खिळा लागला तर इंजेक्शन टाळू नका. धनुर्वातावरचे सीरमही पूर्वीपासून घोड्याच्याच रक्तातून तयार होत आले. हडपसरच्या पूनावाला घराण्याचा घोड्यांचा धंदा १९४६ चा. निवृत्त घोडे सीरमसाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात, आणि त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

खताचा धंदा राहिला. लोणीपासून सोरतापवाडी, उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिका आहेत, त्यांना घोड्याची लीद हवी असते. बटण अळिंबीवाल्यांना पेंढामिश्रित लीद फार चालते. भुसामिश्रित खत मात्र लवकर कुजत नाही आणि कुजताना जमिनीतले नत्र ओढते, म्हणून त्याला भाव कमी. आमच्या मित्रांनी आता दोन ढीग केले आहेत. पेंढ्याचा माल लगेच जातो, भुशाचा सहा महिने झाकून ठेवतात आणि मग देतात. खताच्या पैशातून भुशाची काही गोणी निघतात, सगळ्या नाही.

मागच्या लग्नसराईत आम्ही झुलीला नवे अस्तर लावून दिले, जाड सुती, काढून धुता येईल असे, बंद लावून. घोडीच्या मांडीवर डाग नव्हता. मालकाने अस्तराच्या भावात वीस रुपये कमी करायला लावले. कात्रणाच्या आठ गोण्यांची आठवण आम्हाला त्याच वेळी झाली, पण आम्ही गप्प बसलो आणि वीस रुपये सोडले.