थोड्या दिवसांची शाळा

“आठ दिवसांत काय मोठं शिकणार, मास्तर?” खेड्यात हा प्रश्न हमखास निघतो. जवळच्या महाविद्यालयाने शेतकऱ्यांसाठी एखादा लहान वर्ग काढला, की पारावर बसलेली वडीलधारी माणसे हेच विचारतात. आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे आहे असेही नाही. अशा वर्गाचे उद्घाटन होते, हारतुरे होतात, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रे वाटली जातात, फोटो निघतो. पुढे ते प्रमाणपत्र ट्रंकेच्या तळाशी जाते आणि माणूस काल जे करत होता तेच उद्याही करतो. मग थोड्या दिवसांचे शिक्षण मुळातच वाया जाणारे आहे, की ते देण्याची आपली रीत कुठे तरी चुकते आहे?

या प्रश्नाचे उत्तर एका लहानशा देशाने फार पूर्वी शोधले. तो देश म्हणजे युरोपच्या उत्तरेचा डेन्मार्क. आकाराने तो आपल्या महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा. हिवाळा लांब आणि कडक. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत शेतात फारसे काम नसते. नेमक्या या रिकाम्या महिन्यांतून तिथली ‘लोकविद्यालये’ उभी राहिली.

त्यांची कल्पना मांडली ग्रुंटविग नावाच्या विद्वानाने. १७८३ साली जन्मलेला हा धर्मोपदेशक, कवी आणि इतिहासाचा अभ्यासक होता. त्या काळी तिथे उच्च शिक्षण म्हणजे लॅटिन भाषा, घोकंपट्टी आणि परीक्षा. ग्रुंटविगचे म्हणणे असे, की शेतकऱ्याच्या तरुण मुलाला लॅटिन नको. त्याला त्याच्या स्वतःच्या भाषेत, बोलून आणि ऐकून शिकू द्या. देशाचा कारभार पुढे त्यालाही पाहायचा आहे. तिथे १८१४ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते, तेव्हा लिहिता-वाचता येणारी मुले खेडोपाडी होती. प्रश्न होता तो शाळा सुटल्यानंतरचा.

पहिले लोकविद्यालय १८४४ साली रोडिंग या गावी निघाले. तो मुलूख सरहद्दीचा. डॅनिश बोलणाऱ्या माणसांवर जर्मन भाषेचे दडपण होते. त्यामुळे आपली भाषा राहते की जाते, हा प्रश्न त्या शाळेच्या उंबऱ्यावरच उभा होता. पुढे १८६४ च्या युद्धात डेन्मार्क हरले आणि तो भाग हातातून गेला. रोडिंगच्या शिक्षकांनी मग नव्या सरहद्दीच्या अलीकडे अस्कोव्ह नावाच्या खेड्यात १८६५ साली पुन्हा शाळा मांडली. हरलेल्या देशात अशा शाळा कमी न होता भराभर वाढत गेल्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता या शाळांत चालायचे काय? क्रिस्टन कोल्ड नावाचा एक शिक्षक होता, एका चांभाराचा मुलगा. त्याने १८५१ साली रिस्लिंगे गावात आपली शाळा काढली. घर साधे, जेवण साधे. मास्तर आणि विद्यार्थी एकाच छपराखाली माळ्यावर झोपायचे. तरुणांनी हिवाळ्याचे चारपाच महिने राहायचे. पुढे तरुण मुलींसाठी उन्हाळ्यात सुमारे तीन महिन्यांचे वर्ग निघाले. सकाळी सगळ्यांनी मिळून गाणे म्हणायचे. मग इतिहास, भाषा, हिशेब, भूगोल आणि भरपूर गप्पा. परीक्षा नाही, गुण नाहीत, पदवी नाही.

कोल्डची एक आठवण तिकडे सांगतात. एक तरुण त्याला म्हणाला, “गुरुजी, तुमचं ऐकताना फार बरं वाटतं, पण घरी गेलो की काही आठवतच नाही.” कोल्डने त्याची समजूत घातली ती शेतकऱ्याच्याच भाषेत. पाण्याच्या निचऱ्यासाठी जमिनीत नळ पुरले, तर ते पुन्हा सापडावेत म्हणून खुणेची खुंटी ठोकावी लागते. पण दाणा पेरला तर खुंटी लागत नाही. वेळ आली की तो आपला आपण वर येतो.

आपण म्हणाल, ही झाली गोड गोष्ट. दाणा खरोखर वर आला का? तेही पाहू.

१८७० नंतर अमेरिकेचे स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात उतरले आणि डॅनिश शेतकऱ्याच्या धान्याचा भाव कोसळला. तेव्हा तो दुधाकडे, लोण्याकडे आणि डुकरे पाळण्याकडे वळला. १८७८ च्या सुमारास दुधातून साय झटपट वेगळी करणारे फिरते यंत्र निघाले. ते एकट्याला परवडणारे नव्हते. मग १८८२ साली येडिंग या गावच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन देशातले पहिले सहकारी दुग्धालय काढले. अशा दुग्धालयांत मत माणशी एक. गाई दोन असोत की पन्नास. लोणी विकायचे आणि साय काढलेले दूध ज्याचे त्याला परत मिळायचे. ते डुकरांच्या उपयोगी पडायचे. थोड्याच वर्षांत अशी शेकडो दुग्धालये उभी राहिली.

हे सारे लोकविद्यालयांमुळेच झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. भाव पडले होते, यंत्र आले होते, प्राथमिक शिक्षण होते, जमिनीचे कायदेही आधीच सुधारले होते. शिवाय त्या शाळांत लोणी काढायला कोणी मुख्यतः शिकवत नव्हते. पण दुग्धालयांच्या पंच-मंडळींत लोकविद्यालयातून आलेले पुष्कळ लोक होते. सभेत उभे राहून बोलणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, हिशेब उघडा ठेवणे, परक्या गावच्या माणसावर विश्वास टाकणे, या गोष्टी ते एका हिवाळ्यात एकत्र राहून शिकले होते. सहकारी संस्था ज्यांनी चालवली आहे, त्यांना या चार गोष्टींचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरे उदाहरण हातच्या विद्येचे आहे. अस्कोव्हच्या शाळेत पॉल ला कूर हे पदार्थविज्ञानाचे शिक्षक होते. शहरात विजेचे दिवे आले होते, खेड्यात अंधार होता. वारा मात्र फुकट आणि भरपूर! १८९१ साली त्यांनी शाळेच्या आवारात पवनचक्की उभारून तिच्यावर वीज तयार करायला आरंभ केला. वारा पडला तर काय, म्हणून त्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे पेटवले. या खटाटोपात स्फोट होऊन खिडक्यांच्या काचाही काही वेळा फुटल्या, असे सांगतात. पण ला कूर नुसते प्रयोग करून थांबले नाहीत. १९०४ च्या सुमारास त्यांनी खेड्यातल्या तरुणांसाठी लहान मुदतीचे वर्ग काढले आणि त्यांतून ‘ग्रामीण वीजतंत्री’ तयार केले. डायनामो, बॅटऱ्या, तारजोडणी हे शिकून ही मुले आपापल्या गावी गेली. १९१८ पर्यंत त्या देशात शंभराहून अधिक लहान वीजकेंद्रांजवळ स्वतःची पवनचक्की होती.

या वर्गाच्या पहिल्या विद्यार्थ्यांत योहान्नेस यूल नावाचा एक तरुण होता. वर्ग संपला, वर्षे गेली, यूल विजेच्या धंद्यात राहिला. आणि १९५७ साली, म्हणजे पन्नासएक वर्षांनी, गेडसर या गावी त्याने तीन पात्यांची, २०० किलोवॅटची पवनचक्की चालू केली. ती दहा वर्षे चालली. पुढे १९७० नंतर तेलाचे भाव भडकले, तेव्हा पवनविजेचा विचार करणाऱ्यांना याच चक्कीची आठवण झाली. आज डेन्मार्कला लागणाऱ्या विजेतली निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते. खेड्यातल्या शाळेच्या लहानशा वर्गात पेरलेला दाणा असा पन्नास वर्षांनी वर आला.

श्रोतेहो, या शाळांची आणखी एक रीत आपल्या शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. वर्ग संपला की संबंध संपला, असे तिथे होत नसे. शरद ऋतूत सुगी आटोपली, की लोकविद्यालयात मेळावा भरायचा. जुने विद्यार्थी बायकामुलांसह यायचे, आसपासचे गावकरी यायचे. व्याख्याने, गाणी, वादविवाद; आणि मागच्या वर्षी काय केले, कुठे अडले, याची चर्चा. पुढे गावोगावच्या लोकांनी आपल्या खर्चाने सभागृहेही बांधली. शाळा लहानच राहिली, पण तिचे अंगण मोठे झाले. आजही त्या देशात सत्तरहून अधिक लोकविद्यालये आहेत. लांब मुदतीच्या वर्गांबरोबर उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांचे वर्गही तिथे भरतात, आणि परीक्षा आजही नाही.

आपल्याकडे १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यातली महाविद्यालयाची मुले सात दिवस एखाद्या गावी राहून शिबिर करतात. म्हणजे एकत्र राहून शिकण्याची सोय आपल्याजवळ आहेच. उणीव असते ती आधीची आणि नंतरची. शिबिराची तारीख ठरवताना गावाचे काम पाहिले का? ऐन काढणीत वर्ग ठेवला, तर समोर बसणार कोण? गावाला नेमकी कशाची अडचण आहे, हे आधी विचारले का? शिकलेला माणूस घरी गेल्यावर हाताने करून पाहील असे एखादे तरी काम त्याला दिले का? आणि सहा महिन्यांनी त्याच लोकांना पुन्हा बोलावून, “बाबांनो, जमलं का? नाही जमलं तर का नाही?” असे कोणी विचारले का?

या चार प्रश्नांना पैसा फारसा लागत नाही. लहान महाविद्यालयाला तर हे मोठ्यापेक्षा सोपे जाते, कारण तिथल्या प्राध्यापकाला गावची माणसे नावानिशी ठाऊक असतात. शाळामास्तरांनी पुढाकार घेतला, तर गावच्या शाळेतही हे करता येईल. पहिल्या वर्षी दहाच माणसे आली तरी हरकत नाही. दहांची नावे वहीत लिहून ठेवावीत आणि पुढच्या सुगीनंतर त्या दहांनाच आधी निरोप धाडावा.

पारावरच्या वडीलधाऱ्यांना मग सांगता येईल, “आबा, आठ दिवसांत फार शिकता येत नाही, हे खरं. पण हंगाम बघून पेरलं आणि नंतर शेताकडे फिरकलं, तर आठ दिवसांचं बीसुद्धा रुजतं.” आणि एवढे सांगून त्यांनाही मेळाव्याला बोलवावे. त्यांच्याकडूनही आपल्याला पुष्कळ शिकायचे आहे.