रोजमजुरीचा हिशेब (लेखांक 4) : जुलैतली बाई, नोव्हेंबरातली बाई

दिवाळी झाली की राळेगाव, कळंब, केळापूर, मारेगाव अशा सगळ्या तालुक्यांत कापूस एकदमच फुटतो. मग गावातल्या बाया पुरत नाहीत. शेतकरी आदल्या रात्री फोन करतो, सकाळी ऑटो पाठवतो, शेजारच्या गावाहून टोळी आणतो. दुसऱ्यानं किलोमागे रुपया जास्त कबूल केला तर ऑटो रिकामा परततो. त्याच बाया जुलैत निंदणाला जातात तेव्हा मात्र शेतकरी म्हणेल तो रोज. शेजारी डवरा हाकणाऱ्या गड्याला त्याहून जास्त मिळतो आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

किमान वेतनाचे दर आपण मागच्या लेखांकात पाहिले. या खेपेचा प्रश्न वेगळा आहे. बाईमाणसाला कमी मजुरी देऊ नये असा कायदा 1976 पासून असताना ही तफावत त्याच्या तावडीतून सुटते कशी?

सुटते, कारण कामंच आधी वाटून घेतलेली असतात. वखरणी, डवरणी, फवारणी गड्यांची. सरकी टोबणं, निंदणं, वेचणं बायांचं. विचारलं तर उत्तर तयार असतं : गड्याचं काम जड. फवारणीच्या बाबतीत जोखीम मान्य करावीच लागेल. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं याच यवतमाळ जिल्ह्यात माणसं दगावली. पण चिखलात दिवसभर वाकून निंदणं हलकं काम आहे हे ठरवलं कोणी? जो निंदत नाही त्यानं.

कायद्याची अट अशी की काम तेच किंवा तशाच स्वरूपाचं हवं. कौशल्य, कष्ट आणि जबाबदारी तोलून ते ठरवायचं. गेल्या नोव्हेंबरच्या 21 तारखेपासून, म्हणजे 2025 मध्ये, 1976च्या कायद्याची जागा वेतन संहितेनं घेतली, तरी ही तुलनेची अट कायमच आहे. आता ज्या शेतात एकही गडी निंदायला बसत नाही, तिथं बाईनं आपली मजुरी ताडून पाहायची कोणाशी?

मुंबईत हाच डाव एकदा कोर्टात उघडा पडला होता. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ऑड्री डिकोस्टा या स्टेनोग्राफरला पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी पगार मिळे. कंपनीचं म्हणणं, या ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’, त्यांचा वर्गच निराळा आणि त्यात पुरुष नाहीतच, मग भेदभाव कसला? सर्वोच्च न्यायालयानं 1987 मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. काम एकसारखं असताना केवळ बायांचा वेगळा वर्ग पाडून पगार कमी ठेवता येणार नाही, आणि कंपनीला परवडत नाही ही सबबही चालणार नाही. पण डिकोस्टाबाईंकडे पगारपत्रक होतं. निंदणाच्या रोजाची नोंद कुठल्या कागदावर असते?

रोजगार हमीनं ही गाठ वेगळ्या रीतीनं सोडवली होती. 1972च्या दुष्काळात महाराष्ट्रानं योजना काढली, तिला पुढे कायद्याचं बळ दिलं. खोदलेली माती मोजायची आणि मापावर दाम द्यायचे, खोदणारा बाप्या असो की बाई. खडीवर बायांची गर्दी झाली, त्याला हेही एक कारण होतं.

वेचणीचाही दर किलोवर, तो बाईला वेगळा आणि गड्याला वेगळा नसतो. म्हणून ही मजुरी वरवर न्यायाची दिसते. तसं निखळ नाही. पहिल्या वेच्यात बोंडं टपोरी, हात भराभर चालतो. शेवटी-शेवटी, फरदडीला तर विशेषच, बोंडअळीनं खाल्लेल्या कवड्या उरतात; कष्ट तेवढेच, काट्यावर वजन मात्र निम्मं. अशा वेळी जाणत्या बाया किलो नाकारून रोज मागतात, आणि ते बरोबरच आहे. शेतकऱ्याचीही एक बाजू आहे. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. वेचणीचे किलोला 10 रुपये धरले, तरी मालाच्या किमतीचा आठवा हिस्सा तिथंच गेला. वर दहिवरात वेचलेला ओला कापूस खरेदी केंद्रावर नेला, तर 8 टक्क्यांवरच्या ओलीला भावात कपात, 12 टक्क्यांवर गेली तर माल परत.

तरीही नोव्हेंबरात तो दर देतो, कारण दुसरा इलाज नाही. झाडं कमी-जास्त उंचीची, बोंडं मागं-पुढं फुटणारी. तिथं अजून हातच लागतो. जुलैत मात्र इलाज बाटलीत मिळतो. परवानगी नसलेलं तणनाशकरोधक कापसाचं बियाणं विदर्भात चोरवाटेनं पसरलं, त्यामागे निंदणाचा खर्च आणि वेळेवर बाया न मिळणं हीच मोठी कारणं आहेत. माझ्या मते समान वेतनाच्या कलमापेक्षा ही बाटलीच आज निंदणाचा भाव जास्त ठरवते. टोळीनं दिवाळीतच पुढच्या निंदणाचा रोज बोलून घ्यावा, ज्याचा रोज बरा त्याचीच वेचणी आधी करावी. एवढा एकच काळ असा आहे की गरज शेतकऱ्याची असते.

तोही कायमचा नाही. सघन लागवडीत बुटकी, आटोपशीर, एकदम फुटणारी झाडं धरायची, अशी शिफारस आता होते आहे आणि तशी झाडं यंत्राला सोयीची पडतात. पुढच्या आठवड्यात त्या यंत्राविषयी.