कडी घातलेला रिले

भोसरी, चिंचवड व चाकण ह्या भागांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस गुरुवारी वीज जाणे ही गोष्ट नवी नाही. अशाच एका गुरुवारी आमच्या प्रयोगशाळेत एक लहानसा प्रकार घडला, तो निमित्त करून आम्ही हा लेख लिहीत आहोत. काही विद्यार्थ्यांनी टाकी भरण्याचे यंत्र तयार केले होते. बटण दाबले की पंप सुरू व्हावा व टाकी भरताच बंद पडावा, अशी योजना होती. पंप चालू असता वीज गेली. त्या अवकाशात एका मुलाने मोटारीच्या पंख्यात अडकलेली दोरी बोटांनी ओढून काढली. थोड्या वेळाने वीज आली, आणि कोणी बटणास हात लाविला नसता पंप आपला आपण सुरू झाला. इतकेच नव्हे, तर टाकी भरून वाहू लागली तरी तो थांबेना. बोटे तेव्हा तेथे नव्हती, ही देवाची कृपा! मुलांनी प्रोग्राम तीन वेळा वाचला. ते तो चूक रिलेत शोधीत नव्हते, आणि रिलेचा स्वभाव तर त्यांनी जाणूनच घेतला नव्हता.

रिले म्हणजे अल्प प्रवाहाने मोठा प्रवाह चालू वा बंद करणारी कळ. तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की आतील लोखंडाचा तुकडा चुंबक बनतो, पट्टी ओढली जाते, व कॉन्टॅक्ट जुळतात. साध्या रिलेत वेटोळ्याची वीज थांबताच स्प्रिंग पट्टीस मागे नेते. लॅचिंग रिलेत मात्र बहुधा एक कायमचा लोहचुंबक असतो; क्षणभर प्रवाह दिला की पट्टी सरकते, आणि प्रवाह थांबला तरी हा चुंबक तिला तेथेच धरून ठेवितो. साधा रिले म्हणजे हाताने लोटून धरलेले दार. लॅचिंग रिले म्हणजे कडी घातलेले दार.

ह्यात काटकसर आहे. ५ व्होल्टांवर चालणारे ७० ओहमांचे वेटोळे सुमारे ७१ मिलिअँपिअर प्रवाह घेते, म्हणजे वर्षभर अखंड चालू ठेविल्यास सुमारे ३ युनिट वीज केवळ कळ धरून ठेवण्यात खर्ची पडते. आता घरोघरी बसू लागलेल्या स्मार्ट मीटरात पुरवठा तोडण्या-जोडण्यासाठी लॅचिंग रिलेच योजितात, त्याचे एक कारण हे होय.

परंतु मायक्रोकंट्रोलरला हे वेटोळे थेट जोडता येत नाही. शाळांतून प्रचारात असलेल्या आर्डुइनो उनोच्या एका पिनेकडून २० मिलिअँपिअरच घ्यावेत. ४० ही तर परमावधी. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर घालावा लागतो. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेले हे उपकरण बेसमधील थोड्या प्रवाहाने कलेक्टरमधील मोठा प्रवाह सोडते. बीसी ३३७ ह्या ट्रान्झिस्टरचा एमिटर जमिनीस, म्हणजे पुरवठ्याच्या ऋण टोकास जोडावा, आणि वेटोळे धन टोक व कलेक्टर ह्यांच्यामध्ये घालावे. ट्रान्झिस्टर पुरता उघडावा म्हणून बेसला कलेक्टरच्या सुमारे दशमांश, म्हणजे ७ मिलिअँपिअर द्यावेत; ५ व्होल्टांतून बेसचे ०.७ वजा जाता उरलेल्या ४.३ व्होल्टांस ५६० ओहमांचा रेझिस्टर पुरतो. बेस व जमीन ह्यांमध्ये १०,००० ओहमांचा आणखी एक लावावा, नाही तर मायक्रोकंट्रोलर जागा होईपर्यंत पीन अधांतरी राहते व रिलेस नको ती हूल मिळू शकते.

वेटोळ्याशी उलट दिशेने डायोड जोडणे अगत्याचे आहे. प्रवाह एकाएकी तोडला असता वेटोळे उलट मोठा दाब उत्पन्न करिते, व तो ट्रान्झिस्टरास भोवतो. मुले हा डायोड हटकून विसरतात.

दोन वेटोळ्यांच्या रिलेस असे दोन ट्रान्झिस्टर लागतात, एक लावण्यास, एक सोडण्यास. प्रत्येकास ५० ते १०० मिलिसेकंदांचा झटका पुरे, व दोहोंस एकदम कधीच देऊ नये. वेटोळे एकच असल्यास प्रवाहाची दिशा उलटावी लागते. त्यास चार ट्रान्झिस्टरांचा पूल हवा, आणि एकाच बाजूचे वरचे व खालचे दोन्ही उघडले तर पुरवठ्याचा शॉर्ट होतो. नवशिक्याने दोन वेटोळ्यांचाच घ्यावा.

आता त्या पंपाकडे वळू. वीज गेली तेव्हा मायक्रोकंट्रोलर सारे विसरला. रिले मात्र कडी घालून तसाच राहिला. वीज येताच मायक्रोकंट्रोलरने पंप बंद आहे असे गृहीत धरिले, म्हणून टाकी भरल्यावरही त्याने बंद करण्याचा झटका दिला नाही. उपाय सोपा: प्रोग्रामाच्या आरंभीच, काही विचारण्यापूर्वी, बंदचा झटका द्यावा. शक्य तर रिलेच्या दुसऱ्या कॉन्टॅक्टवरून त्याची खरी स्थिती वाचावी.

तथापि हेही पुरेसे नाही. प्रोग्राम सुरू होण्यास एक-दोन सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ मोटार फिरतेच. आमच्या पालकांपैकी जे लेथ वा प्रेसवर काम करितात, त्यांना हे सांगावयास नको. त्यांच्या यंत्रावरील स्टार्टरात कॉन्टॅक्टर स्वतःच्याच कॉन्टॅक्टमधून स्वतःस धरून ठेवितो. वीज गेली की तो सुटतो, आणि पुन्हा हिरवे बटण दाबल्यावाचून लागत नाही. तेथे विसरणे हाच गुण आहे. मीटरात, किंवा दिव्यांच्या कळीत, लॅचिंग रिले शोभतो. ज्या यंत्रात माणसाचा हात जातो तेथे तो एकटा नसावा. मुलांनी आता पंपाच्या वाटेत असा स्टार्टर घातला आहे, आणि दोरी काढणाऱ्या मुलाने त्यावर तांबड्या शाईने चिठ्ठी डकविली आहे: प्रथम प्लग काढा.