नवाचा पाढा आणि रोजमेळ

पाढे हे व्यापाऱ्याचे पहिले भांडवल, असे आमच्या पेठेतील वडीलधारी मंडळी म्हणत. रुपयाचे १६ आणे व मणाचे ४० शेर होते तोवर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी यांचे राज्य चालले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आला, आणि औटकी मागे पडली. नवाच्या पाढ्यास मात्र या पालटाने धक्का लागला नाही. आमच्या मते दुकानात खरा उपयोगी पडणारा पाढा तोच होय.

त्याची ठेवण पाहावी. ९, १८, २७, ३६, ४५ येथवर दशक चढतो व एकक उतरतो. पुढे ५४, ६३, ७२, ८१, ९० असे तेच अंक उलट्या क्रमाने परत येतात. दहाही ठिकाणी अंकांची बेरीज ९. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळी, नवव्या शतकात, होऊन गेलेल्या महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त गुणाकारांचे कंठहारच गुंफले आहेत. त्यांपैकी एकात १२३४५६७९ यास ९ ने गुणिले असता नऊ एकांची माळ मिळते. वाचकांनी करून पाहावे. मात्र ८ हा अंक गाळलेला आहे, तो भरीस घालू नये.

परंतु आम्हास सांगावयाचे आहे ते व्यवहारातले. पुष्कळ वर्षांपूर्वी बेळगावच्या पेठेतील एका दुकानी रोजमेळाच्या शिलकेहून रोकड २७ रुपयांनी कमी भरली. संशय गल्ल्यावरील नव्या मुलावर आला, आणि त्यास घरी धाडण्याची भाषा सुरू झाली. वृद्ध दिवाणजी म्हणाले, “सत्तावीस नवाच्या पाढ्यात आहेत. ज्या रकमेच्या दोन अंकांत तिहींचा फरक, तेवढ्याच आधी पाहा.” बारदानाचे ८५ रुपये जमा दिसत होते, पावतीच्या स्थळप्रतीवर ५८ होते. मुलगा त्या दुकानी पुढे कैक वर्षे राहिला.

यातील मर्म सोपे आहे. दशकाच्या घरातील १ एककाच्या घरी उतरला की दहाचा एक होतो, म्हणजे ९ घटतात. म्हणून उलटापालटीचा फरक नेहमी नवाच्या पटीत पडतो. शून्य जास्त पडले तरी तसेच: ४० चे ४०० झाले तर फरक ३६०, आणि त्यास ९ ने भागिले की मूळ रक्कम ४० हाती येते.

ही चूक आपल्या भाषेत सहज घडते. ‘अठ्ठावन्न’ म्हणताना तोंड आठ आधी उच्चारते, हात पाच आधी लिहितो. एकाने पुकारावे व दुसऱ्याने लिहावे अशा घाईत अंक पालटतात. महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास आठ’ अशा धर्तीचे वाचन आले, तेव्हा मोठी थट्टा झाली. आमच्या कानांसही ते रुचत नाही, पण सूचना अगदीच निराधार नव्हती.

आता बेरीज संगणक करतो. रक्कम घालणारे बोट माणसाचेच. आमच्या गादीवर फरक आला की प्रथम तो ९ ने भागून पाहतात. भाग गेला नाही तर त्याचे अर्ध करतात आणि त्या रकमेची नोंद शोधतात, कारण जमेची रक्कम नावे पडली असेल तर फरक दुप्पट दिसतो.